‘बन रन’ केलं तरी चालतो नोडच: पुन्हा पुन्हा येणारा एक एरर आणि त्याचा माग

एरर असा असतो: ‘ओन्ली यूआरएल्स विथ अ स्कीम इन फाइल, डेटा, अँड नोड आर सपोर्टेड बाय द डीफॉल्ट ईएसएम लोडर’, आणि शेवटी ‘रिसीव्ड प्रोटोकॉल बन:’. कधी त्याच्या जागी नुसतंच ‘बन इज नॉट डिफाइन्ड’ येतं, कधी ‘कॅनॉट फाइंड मॉड्यूल बन:एसक्यूलाइट’. तिन्ही एकाच घरातले. (बन आणि नोड हे दोन्ही जावास्क्रिप्ट चालवणारे रनटाइम, बन त्यातला नवा.) आपण बन वापरतोय अशी तुमची पक्की समजूत असते आणि तुमचा कोड मात्र नोडमध्ये जाऊन बसलेला असतो.

घाईत असाल तर आधी एवढं करा. जिथं तुम्ही

बन रन डेव्ह

असं लिहिता, तिथं

बन --बन रन डेव्ह

असं लिहा. (कमांड इथं देवनागरीत दिल्या आहेत, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.) बहुतेकांची गाडी एवढ्यावर सुरू होते. माझीही झाली होती. मग बंद पडली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा बंद पडली. तीन वेगवेगळ्या मशिनवर, तीन वेगवेगळ्या महिन्यांत, तोच एरर. तिसऱ्या वेळी मुळापर्यंत गेलो.

आम्ही दोघं मित्र मिळून हाउसिंग सोसायट्यांसाठी मेंटेनन्सच्या पावत्या काढायचं एक छोटं ॲप सांभाळतो. स्वेल्टकिट या वेब फ्रेमवर्कमध्ये लिहिलेलं, डेटा एसक्यूलाइट डेटाबेसच्या एका फाइलीत, सर्व्हर एकच आणि तोही बारका. आधी सगळं नोडवर होतं आणि डेटाबेससाठी ‘बेटर-एसक्यूलाइट-३’ हे पॅकेज होतं. बनवर यायचं ठरलं तेव्हा बिल्ड झालेली फाइल थेट बनला चालवायला दिली, तर त्यानं या पॅकेजला दारातूनच परत पाठवलं: याला अजून सपोर्ट नाही, तोवर आमचं अंगभूत बन:एसक्यूलाइट वापरून बघा, एपीआय सारखाच आहे. त्याचं म्हणणं बरोबर होतं. ते पॅकेज थेट व्ही-८ इंजिनाला धरून लिहिलेलं आहे. नोडमध्ये क्रोमचं व्ही-८ असतं, बनमध्ये सफारीचं जावास्क्रिप्टकोअर. आम्ही इम्पोर्टची ओळ बदलली, दोन-चार क्वेरी जुळवून घेतल्या आणि अर्ध्या दिवसात काम संपलं.

एक गोष्ट तेव्हाच खटकायला हवी होती. त्याआधी आठवडाभर मी ‘बन रन डेव्ह’ करत होतो आणि बेटर-एसक्यूलाइट-३ निमूटपणे चालत होतं. बन त्याला चालवूच शकत नव्हता, तर आठवडाभर ते चालवत कोण होतं?

उत्तर कळायला बन स्वतःला काय म्हणवतो ते बघावं लागेल. जॅरेड समनर यांनी झिग या भाषेत लिहायला घेतलेलं हे प्रकरण २०२२च्या जुलैत लोकांसमोर आलं, १.० आवृत्ती ८ सप्टेंबर २०२३ला आली, आणि विंडोजवर धड चालणारी १.१ आवृत्ती १ एप्रिल २०२४ला. (तारीख बघून अनेकांना वाटलं असेल की थट्टा चाललीय.) दावा असा की एकाच बायनरीत सगळं आहे: जावास्क्रिप्ट आणि टाइपस्क्रिप्ट चालवणारा रनटाइम, पॅकेज मॅनेजर, बंडलर, टेस्ट रनर. नोडच्या जगात या प्रत्येकासाठी वेगळं दुकान असतं. इथं एकाच काउंटरवर चहा, बनमस्का आणि बिल.

आता गोंधळ या ‘सगळं एकत्र’मध्येच आहे. ‘बन’ हा शब्द टाइप केला की आपण या चौघांपैकी कोणाला हाक मारली, हे आपल्या लक्षात राहत नाही. ‘बन रन डेव्ह’ लिहिताना आपल्याला वाटतं रनटाइमला हाक मारली. खरं तर मारली असते स्क्रिप्ट चालवणाऱ्याला, म्हणजे एनपीएम रनच्या जागी बसलेल्या माणसाला.

तो काय करतो ते बघा. पॅकेज.जेसन उघडतो, ‘डेव्ह’ नावाची स्क्रिप्ट शोधतो. तिथं लिहिलेलं असतं ‘व्हीट डेव्ह’. (व्हीट म्हणजे स्वेल्टकिटचा डेव्ह सर्व्हर आणि बिल्ड चालवणारं साधन.) मग नोड_मॉड्यूल्समधलं .बिन फोल्डर पाथमध्ये (कमांड जिथं शोधल्या जातात त्या फोल्डरांच्या यादीत) पुढे ठेवतो आणि ही ओळ शेलच्या हवाली करतो. शेल व्हीट नावाची फाइल शोधतो, तिची पहिली ओळ वाचतो. ती ओळ अशी: हॅश, उद्गारचिन्ह, मग /यूएसआर/बिन/एन्व्ह, आणि मग ‘नोड’. याला शेबँग म्हणतात. फाइल कोणी चालवायची हे फाइलनंच सांगितलेलं असतं. ऑपरेटिंग सिस्टिम आज्ञाधारकपणे नोडला उठवते, आणि तिथून पुढे व्हीट, स्वेल्टकिट, तुमचा कोड, तुमचं बन:एसक्यूलाइट, सगळं नोडच्या पोटात. बननं फक्त दार उघडून दिलं.

हा बग नाही, मुद्दाम ठेवलेलं वर्तन आहे. पॅकेज लिहिणाऱ्यानं ‘नोड’ असं स्पष्ट लिहिलंय, तर त्याचा मान राखायचा, असा विचार. विंडोजवर शेबँग असा प्रकार मुळात नाही, पण बन तिथं .बिन फोल्डरमध्ये छोटीशी .ईएक्सई आणि सोबत .बनएक्स फाइल ठेवतो आणि तेच वर्तन पाळतो. म्हणून ‘माझ्याकडे विंडोज आहे, मला हे लागू नाही’ असं समजू नका.

व्हीट हे फक्त उदाहरण. नेक्स्ट, अ‍ॅस्ट्रो, ड्रिझल-किट, व्हिटेस्ट, ज्याच्या फाइलीच्या डोक्यावर ‘नोड’ लिहिलंय त्या सगळ्यांचं हेच. मजा अशी की बनचा स्वतःचा एकही एपीआय तुम्ही वापरत नसाल तर हे कधी कळतच नाही. सगळं सुरळीत चालतं, फक्त नोडवर. ‘बनवर आलो पण वेगात काही फरक नाही’ अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी आपण खरंच बनवर आलोय का ते बघावं, असं माझं मत झालंय.

--बन हा फ्लॅग दिला की बन एक क्लृप्ती करतो. एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये ‘नोड’ नावाची सिमलिंक तयार करतो जिचं दुसरं टोक बनच्या बायनरीकडे असतं, आणि ते फोल्डर पाथमध्ये सगळ्यांच्या पुढे ठेवतो. आता शेबँगनं ‘नोड’ म्हणून कितीही हाका मारल्या तरी ओ बनच देतो.

इथपर्यंत मला पहिल्याच वेळी कळलं होतं. मी माझ्या लॅपटॉपवर --बन टाइप करायची सवय लावून घेतली आणि विषय संपला असं मानलं. चूक तीच होती, उपाय फक्त माझ्या बोटांत राहिला.

दुसरी वेळ जास्त विचित्र. माझा मित्र नाशिकहून काम करतो. त्यानं नवा लॅपटॉप घेतला, बन टाकला, रेपो क्लोन केला, ‘बन रन डेव्ह’ केलं, आणि सगळं चाललं. --बन न देता! मला वाटलं मधल्या काळात बनवाल्यांनी वर्तन बदललं असेल. महिनाभरानं एका सकाळी त्याचा फोन, ‘अरे, रात्रीपर्यंत चालत होतं. मी काहीही बदललं नाहीये.’ गिट बघितलं, खरंच काही बदललं नव्हतं. लॉकफाइल तीच, बनची आवृत्ती तीच. नोड_मॉड्यूल्स उडवून पुन्हा इन्स्टॉल केलं. रीस्टार्ट केलं. दुपारपर्यंत आम्ही स्वेल्टकिटला शिव्या घालत होतो. शेवटी त्याला आठवलं की रात्री झोपण्याआधी दुसऱ्या एका कामासाठी त्यानं नोड टाकला होता.

झालं होतं असं: पाथमध्ये नोड कुठंच सापडला नाही, तर ‘बन रन’ आपण होऊन ती सिमलिंकची क्लृप्ती करतो. म्हणजे नोड नसलेल्या मशिनवर --बन न देताही बनच चालतो. नोड टाकला त्या क्षणी सोय बंद. प्रोजेक्टमध्ये एक अक्षर न बदलता प्रोजेक्ट मोडतो, आणि मोडणारी गोष्ट प्रोजेक्टच्या फोल्डरबाहेर असते. हा एरर ‘पुन्हा पुन्हा’ येण्यामागचं माझ्या मते हेच सगळ्यात मोठं कारण.

तिसरी वेळ याचाच धाकटा भाऊ. सर्व्हरवर आम्ही डॉकरमध्ये ‘ओव्हन/बन’ ही अधिकृत इमेज वापरतो. तिच्यात खरा नोड नसतो, त्याच्या नावाची बनकडे जाणारी लिंक असते, त्यामुळे बिल्ड तिथं कायम व्यवस्थित व्हायचं. मग बिल्ड गिटहबच्या स्वतःच्या मशिनवर, म्हणजे गिटहब अ‍ॅक्शन्सवर हलवलं. तिथल्या उबंटू रनरवर नोड आधीपासून बसवलेला असतो. बन इन्स्टॉल करायची पायरी हिरवी, ‘बन इन्स्टॉल’ हिरवं, ‘बन रन बिल्ड’ लाल. तोच एरर, तेच ‘रिसीव्ड प्रोटोकॉल बन’.

बिल्ड करतानाच का फुटतं, हाही प्रश्न पडला होता. बिल्डमध्ये डेटाबेस उघडतोच कोण? तर स्वेल्टकिट बिल्डच्या शेवटी कोणतं पान आधीच तयार करायचं आणि कोणत्या रूटचे काय पर्याय आहेत हे तपासायला तयार झालेला सर्व्हर कोड प्रत्यक्ष लोड करून बघतो. लोड करणारा नोड असेल तर बन:एसक्यूलाइटची ओळ आली की तिथंच आपटतो. म्हणून डेव्हला --बन लावून भागत नाही, बिल्डलाही लावावं लागतं.

आता निदान. ‘माझा कोड नक्की कोण चालवतंय’ हे शोधायला मी सुरुवातीला ज्या दोन गोष्टी केल्या त्या दोन्ही फसव्या निघाल्या, त्यामुळे आधी त्या सांगतो.

पहिली, कोडमध्ये ‘प्रोसेस.व्हर्जन’ छापून बघितलं. नोडची आवृत्ती आली. म्हणजे नोड? नाही. बनही तिथं नोडचीच आवृत्ती सांगतो, कारण हजारो पॅकेजेस तो आकडा बघून निर्णय घेतात आणि बनला त्यांच्याशी जुळवून घ्यायचं असतं. बघायचं ते ‘प्रोसेस.व्हर्जन्स.बन’. (‘व्हर्जन्स’, अनेकवचन.) बन असेल तर त्याची आवृत्ती येते, नोड असेल तर ‘अनडिफाइन्ड’.

दुसरी, ‘पीएस’ चालवून प्रोसेसची यादी बघितली. त्यात ‘नोड’ असं नाव दिसलं तरी ती सिमलिंक असू शकते, मुखवटा नोडचा आणि आत बन. लिनक्सवर खरं बघायचं असेल तर /प्रॉक फोल्डरमध्ये त्या प्रोसेसच्या क्रमांकाखाली ‘एक्झी’ नावाची लिंक असते, ती कुठल्या बायनरीकडे जाते ते ‘रीडलिंक’नं वाचा. ती खोटं बोलत नाही.

तिसरी युक्ती मला सगळ्यात आवडते, कारण तिला कोडला हात लावावा लागत नाही. पॅकेज.जेसनमध्ये एक स्क्रिप्ट टाका, नाव काहीही, आम्ही ‘कोण’ ठेवलंय, आणि आत फक्त ‘विच नोड’. मग ती एकदा साध्या ‘बन रन’नं आणि एकदा --बन देऊन चालवा. साध्या वेळी नोडचा खरा पत्ता आला आणि दुसऱ्या वेळी ‘बन-नोड’ अशा नावानं सुरू होणाऱ्या तात्पुरत्या फोल्डरचा आला, तर तुमचा आजार हाच. दोन्ही वेळा तात्पुरतं फोल्डर आलं, तर तुमच्या मशिनवर नोड नाही आणि तुम्ही माझ्या मित्राच्या त्या महिन्यात आहात.

पूर्वी एक चौथी खूण आयती मिळायची. नोडला टाइपस्क्रिप्टची फाइल दिली की तो लगेच ओरडायचा, त्यावरून कळायचं. आता २३.६ पासून, आणि २२च्या मालिकेत २२.१८ पासून, नोड टाइप्स गाळून .टीएस फाइल निमूट चालवतो. त्यामुळे ‘टीएस चालली म्हणजे बनच’ हा जुना आडाखा मोडीत निघाला. हां, फाइलीत ‘ईनम’ असेल तर नोड अजूनही अडतो, कारण तो नुसत्या टाइप्स पुसतो, नवा कोड तयार करत नाही. एरवी ईनम वापरू नये म्हणणाऱ्या लोकांत मी आहे, पण निदानाला उपयोगी पडला एकदा.

उपाय कुठं लिहायचा याला माझ्या लेखी खूप महत्त्व आहे. बोटांत ठेवलेला उपाय टिकत नाही, हे दोनदा सिद्ध झालं. एक जागा म्हणजे प्रोजेक्टच्या मुळाशी असलेली बनफिग.टॉमल फाइल. तिच्यात ‘रन’ या भागाखाली ‘बन = ट्रू’ एवढी ओळ टाकली की त्या प्रोजेक्टमधल्या प्रत्येक ‘बन रन’ला --बन आपोआप लागतो. फाइल गिटमध्ये जाते, त्यामुळे नाशिकचा लॅपटॉप आणि गिटहबचा रनर दोघांनाही मिळते. पण मित्र सवयीनं ‘एनपीएम रन डेव्ह’ टाइप करतो, आणि एनपीएम बनफिगला ओळखत नाही.

म्हणून आम्ही शेवटी स्क्रिप्टमध्येच लिहिलं. ‘व्हीट डेव्ह’च्या जागी

बनएक्स --बन व्हीट डेव्ह

आणि बिल्डलाही तसंच. आता एनपीएमनं हाक मारो की बननं, शेवटी व्हीटला चालवतो बनच. दिसायला थोडं ओबडधोबड आहे. पण नवीन माणसानं पॅकेज.जेसन उघडलं की डोळ्यांसमोर दिसतं, बनफिगमधली ओळ कोणी उघडून बघत नाही.

फ्लॅगची जागा मात्र सांभाळा. --बन हा बनच्या लगेच मागे हवा. ‘बन रन डेव्ह --बन’ असं शेवटी लिहिलंत तर बन तो स्वतःसाठी ठेवतच नाही, पुढे व्हीटला देऊन टाकतो, आणि व्हीट म्हणतो असला पर्याय मला माहीत नाही. --वॉचचंही तसंच. बनएक्सलाही --बन पॅकेजच्या नावाआधी द्यायचा.

जोडीला दोन भावंडं आहेत, वेगळी दिसतात पण रक्त तेच. ‘बन बिल्ड’ आणि ‘बन टेस्ट’. रन न लिहिता ‘बन डेव्ह’ केलं तर चालतं, कारण डेव्ह नावाची बनची स्वतःची कमांड नाही. म्हणून हात ‘बन बिल्ड’ टाइप करून मोकळा होतो. पण बिल्ड ही बनच्या बंडलरची कमांड आहे. तुमची स्क्रिप्ट राहते बाजूला आणि बंडलर विचारतो, एंट्रीपॉइंट कुठाय? हे निदान लगेच कळतं तरी. ‘बन टेस्ट’ जास्त लबाड. ते तुमची ‘टेस्ट’ स्क्रिप्ट चालवत नाही, बनचा स्वतःचा टेस्ट रनर चालवतं. तो फोल्डरभर फिरून नावात .टेस्ट किंवा .स्पेक असलेल्या सगळ्या फाइली गोळा करतो. तुमच्या टेस्ट व्हिटेस्ट या दुसऱ्या टेस्ट रनरसाठी लिहिलेल्या असतील तर काही पास होतात, काही विचित्र कारणांनी पडतात, आणि तुम्ही आपल्याच कोडवर संशय घेत बसता. प्लेराइट या ब्राउझर-टेस्टच्या साधनाच्या स्पेक फाइली रेपोत असतील तर प्लेराइट वैतागून सांगतो की टेस्ट ही इथं बोलावली जाईल अशी माझी अपेक्षा नव्हती. हा मेसेज दिसला की प्लेराइटची कागदपत्रं चाळू नका, आपण ‘रन’ विसरलो आहोत.

व्हिटेस्टला --बन देऊन बनमध्ये ढकलायचा प्रयत्न मीही केला. दोन संध्याकाळी घालवल्या. त्याची वर्कर्सची सगळी रचना नोड डोळ्यांपुढे ठेवून केलेली आहे आणि आमच्याकडे ते नीट जमलं नाही. मग डेटाबेसला हात लावणाऱ्या टेस्ट वेगळ्या फोल्डरमध्ये काढून ‘बन टेस्ट’ला दिल्या आणि पडद्यावरच्या घटकांच्या टेस्ट व्हिटेस्टकडे, म्हणजे नोडकडे, राहू दिल्या. शुद्धतावाद्यांना रुचणार नाही. चालतंय.

सर्व्हरवर डॉकर न वापरता थेट चालवत असाल तर तिथं हाच रोग वेगळ्या कपड्यांत भेटतो. पीएम-२ला (सर्व्हरवर ॲप चालू ठेवणाऱ्या साधनाला) .जेएस फाइल दिली की तो ती सहसा नोडनंच सुरू करतो, इंटरप्रिटर म्हणून बन स्पष्ट सांगावा लागतो. आणि इथं एरर कदाचित ‘बन:’बद्दल नसेलच. बन .एन्व्ह फाइल आपोआप वाचतो, नोड तसा सांगितल्याशिवाय वाचत नाही. त्यामुळे आधी दिसतं ते ‘डेटाबेसचा पत्ता रिकामा’ किंवा ‘सीक्रेट मिळालं नाही’, आणि माणूस परमिशन आणि फाइलींचे पत्ते तपासत सुटतो. सिस्टिमडी आणि क्रॉन या लिनक्सवर प्रोग्रॅम आपोआप सुरू करणाऱ्या सोयींमध्ये उलटा प्रकार, बन सापडतच नाही. इन्स्टॉलर बनला होम फोल्डरमधल्या .बन/बिनमध्ये ठेवतो आणि पाथची ओळ शेलच्या आरसी फाइलीत लिहितो. सिस्टिमडी ती फाइल वाचत नाही. सर्व्हिस फाइलीत पूर्ण पत्ता लिहा, वाद मिटतो.

प्रत्येकानं सगळं बनवरच चालवावं असं माझं म्हणणं नाही. बनचा कुठलाही खास एपीआय वापरत नसाल तर डेव्ह सर्व्हर नोडवर चालला म्हणून काही बिघडत नाही. बन नुसता वेगवान पॅकेज मॅनेजर म्हणून वापरणारे खूप आहेत आणि ते सुखात आहेत. अडचण फक्त अर्धवट अवस्थेत आहे: कोडमध्ये बन:एसक्यूलाइट किंवा बन.सर्व्ह आहे आणि साधनं नोडवर. एक तर पूर्ण इकडे या, नाही तर बनच्या नावाचा इम्पोर्ट काढून टाका. दोन्हीकडे चालायलाच हवं असं काही लिहीत असाल तर बन आहे का ते तपासून त्यानुसार डायनॅमिक इम्पोर्ट करा, आणि बंडलरला सांगून ठेवा की बन:एसक्यूलाइट हे बाहेरचं आहे, ते शोधत बसू नको.

याच पठडीतले वाटणारे पण वेगळे दोन आजार, ओळख असावी म्हणून. बन सुरू होतानाच ‘इललीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून कोसळला तर नोडचा काही संबंध नाही. प्रोसेसर जुना आहे किंवा व्हर्च्युअल मशिननं एव्हीएक्स-२ (प्रोसेसरच्या खास सूचनांचा संच) लपवलंय, बनचं ‘बेसलाइन’ बिल्ड उतरवा. आणि पॅकेज इन्स्टॉल झालं पण त्याची नेटिव्ह फाइल जागेवर नाही, असं असेल तर बन परक्या पॅकेजेसच्या पोस्ट-इन्स्टॉल स्क्रिप्ट आपण होऊन चालवत नाही हे कारण बहुधा असतं. ‘बन पीएम अनट्रस्टेड’ यादी देतं, ज्यावर भरवसा आहे त्याला ‘बन पीएम ट्रस्ट’ करा. सुरक्षेच्या दृष्टीनं मला हे वर्तन पटतं, पहिल्या दिवशी त्रास होतो एवढंच.

राहता राहिला पहारेकरी. एवढं करूनही कोणी ना कोणी चुकीच्या दारानं आत येणारच, मग निदान एरर तरी आपल्या भाषेत यावा, म्हणून डेटाबेसच्या फाइलीत सगळ्यात वर मी दोन ओळी टाकल्या. प्रोसेस.व्हर्जन्स.बन नसेल तर थांब आणि सांग. चालवून बघितलं तर पुन्हा तोच जुना ‘रिसीव्ड प्रोटोकॉल बन’. पहारेकरी उठलाच नाही! डोकं खाजवल्यावर लक्षात आलं की ईएस मॉड्यूलमध्ये साधे इम्पोर्ट कोडच्या आधी सोडवले जातात. फाइलीत तुम्ही त्यांच्या वर काहीही लिहा, सगळे इम्पोर्ट जुळल्याशिवाय पहिली ओळही चालत नाही. चोर शिरल्यावर मग पहाऱ्याची पाळी सुरू होत होती. बन:एसक्यूलाइटचा इम्पोर्ट डायनॅमिक केला, ‘अवेट इम्पोर्ट’, आणि तो तपासणीच्या खाली ठेवला. आता आधी तपासणी, मग इम्पोर्ट.

आमची ओळ अशी आहे: ‘हा कोड नोडमध्ये चालतोय, बनमध्ये चालवा. पॅकेज.जेसनमधली स्क्रिप्ट वापरा.’

मागच्या आठवड्यात मित्राला चाचणीसाठी खोट्या पावत्या भरायच्या होत्या. जुन्या सवयीनं त्यानं ‘नोड स्क्रिप्ट्स/सीड.टीएस’ टाइप केलं, आणि नव्या नोडला टीएस चालते, त्यामुळे ते सुरूही झालं. पाच मिनिटांनी मला स्क्रीनशॉट आला. टर्मिनलमध्ये लाल अक्षरांत आमची मराठी ओळ, आणि खाली त्यानं लिहिलं होतं, ‘कळलं. फोन करत नाही.’